सोनेगावच्या थैल्या आणि माझं पर्ज बटण

तर मंडळी, आज एका बटणाची गोष्ट. ते बटण मी २०१९च्या उन्हाळ्यात एका शनिवारी रात्री पावणेबारा वाजता दाबलं आणि समाधानाने झोपी गेलो. पुढचे तीन दिवस मात्र विसरणं शक्य नाही. त्याच तीन दिवसांत मला आपल्या नागपूरच्या इतिहासातलं एक पान सापडलं. सदरमध्ये लहानाचा मोठा होऊनही ते माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. त्यामुळे हा लेख थोडासा माझ्या मूर्खपणाबद्दल आणि बराचसा इतिहासाबद्दल आहे.

आमचं घर रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्लीत. तेव्हा सदरच्या उड्डाणपुलाचं काम चालू होतं. दिवसभर धूळ आणि रात्री मशीनची घरघर. मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. आमचा एक ग्राहक औषधांचा घाऊक वितरक. सावनेर, काटोल, उमरेड, भंडारा अशा गावांतले केमिस्ट त्याच्या वेबसाइटवर ऑर्डर टाकायचे. ती ऑर्डर थेट गोदामाच्या प्रोग्रामकडे जायची नाही. मध्ये एक मेसेज ब्रोकर बसवला होता, रॅबिटएमक्यू. तो बसवणारा मीच.

ज्यांना ब्रोकर म्हणजे काय हे ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. दोन प्रोग्रामना एकमेकांशी बोलायचं असेल तर दोघंही एकाच वेळी जागे असावे लागतात. एक झोपला की दुसऱ्याचं काम अडतं. म्हणून मध्ये एक तिसरा ठेवायचा. पहिला निरोप त्याच्याकडे देऊन मोकळा होतो. तिसरा तो निरोप रांगेत लावतो. दुसऱ्याला सवड झाली की तो रांगेतून निरोप उचलतो, काम करतो आणि 'पोचलं' असं कळवतो. ही पोच मिळाल्यावरच ब्रोकर आपल्याकडची प्रत टाकून देतो. रजिस्टर पत्राला जोडलेली पोचपावती आठवा, साधारण तसंच.

आता कन्सोल. रॅबिटएमक्यूसोबत मॅनेजमेंट नावाचं एक प्लगिन येतं. ते चालू केलं की ब्राउझरमध्ये १५६७२ या पोर्टवर एक पान उघडतं. त्यावर प्रत्येक रांगेपुढे आकडे असतात. 'रेडी' म्हणजे उचलले जायची वाट पाहणारे निरोप. 'अनॲक्ड' म्हणजे कुणीतरी उचललेत, पण पोच आलेली नाही असे. 'टोटल' म्हणजे दोन्हींची बेरीज. शेजारी सेकंदाला किती आले, किती गेले याचे आलेख. रांगेच्या नावावर टिचकी मारली की तिचं स्वतंत्र पान, आणि त्या पानावर खाली बरीच बटणं: निरोप वाचून बघा, रांग पुसा, रांग रिकामी करा. शेवटच्याचं नाव 'पर्ज'.

त्या शनिवारी रात्री वितरकाचा फोन आला, वेबसाइट अडकली आहे म्हणून. कन्सोल उघडलं तर मेमरीचा आकडा लाल. त्या वेळच्या आवृत्तीत मशीनच्या चाळीस टक्के मेमरीपुढे गेलं की ब्रोकर निरोप देणाऱ्यांना थोपवून धरायचा, ही मूळ सेटिंग. म्हणजे वेबसाइट अडकली होती ती ब्रोकरने दार बंद केल्यामुळे. आणि दार का बंद? तर ऑर्डरच्या रांगेत 'रेडी'खाली अठरा हजारांच्या वर आकडा. एरवी तिथे दोन-चार असतात.

मी 'निरोप वाचून बघा' वापरून पहिले दहा निरोप पाहिले. दहाच्या दहा शेऱ्यांसारखे: अमुक गोळीचा साठा बदलला, तमुक सिरपचा साठा बदलला. जुने, आता बिनकामाचे. म्हटलं, कचरा साचलाय, काढून टाकू. पर्ज. अठरा हजारांचं शून्य झालं. मेमरी हिरवी, आलेख सरळ, वेबसाइट चालू. फक्त 'अनॲक्ड'खाली १ हा आकडा तसाच होता. एकच तर आहे, असं म्हणून लॅपटॉप मिटला.

रविवारी सकाळी वितरकाचा दुसरा फोन. शनिवारी दुपारनंतर एकही ऑर्डर गोदामात पोचलेली नाही.

झालं होतं ते असं. साठ्याचे शेरे आणि केमिस्टच्या ऑर्डरी मी एकाच रांगेत सोडल्या होत्या. आळस, दुसरं काही नाही. दुपारी एका दुकानाच्या पत्त्यात असं काही अक्षर आलं की ते वाचताना गोदामाचा प्रोग्राम कोसळला. पोच न देताच तो कोसळल्यामुळे ब्रोकरने तो निरोप इमानाने परत रांगेत ठेवला. प्रोग्राम उठला, त्याने तोच निरोप उचलला आणि पुन्हा कोसळला. असं रात्रीपर्यंत शेकडो वेळा. मागे सगळी रांग तुंबली. शेरे हजारोंनी, ऑर्डरी त्यांच्यामध्ये कुठेतरी विखुरलेल्या. मी पाहिले वरचे दहा आणि फेकले अठरा हजार.

आणि खरी गंमत पुढे आहे. पर्ज फक्त 'रेडी' निरोप काढतो. जो निरोप कुणाच्या तरी हातात आहे, पोचेची वाट पाहतोय, त्याला तो हात लावत नाही. म्हणजे ज्या एका निरोपाने हे सगळं घडवलं तोच तेवढा वाचला. तोच तो १. बाकी सगळे निरपराध गेले.

सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे ऑर्डरची नोंद दुसरीकडे कुठेच नव्हती. वेबसाइट ऑर्डर घ्यायची आणि ब्रोकरच्या हवाली करायची. डेटाबेसमध्ये ती लिहायचं काम गोदामाच्या प्रोग्रामचं. हे डिझाइनही माझंच. दोष द्यायला आजूबाजूला पाहिलं, कुणी सापडलं नाही :)

रविवारी रात्री दोन वाजता मी आमच्या जिन्यात लॅपटॉप घेऊन बसलो होतो, कारण तिथेच तेवढा वारा यायचा. खालच्या मजल्यावर एक काका राहतात. आरएमएसमधून, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमधून, निवृत्त झालेले. अनेक वर्षं रात्रपाळी केल्यामुळे त्यांना रात्री झोप लागत नाही. पाण्याची बाटली घेऊन बाहेर आले.

"काय करून राहिला रे एवढ्या रात्री?"

मी सांगितलं. शक्य तितकं सोपं करून: निरोप, मधला माणूस, रांग, मोजणी, आणि मी कसं सगळं फेकलं ते. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आमचं सोनेगावच की. रात्रीचं विमान."

"कुठलं विमान, काका?"

"अबे, नागपूरचा आहेस ना तू?"

त्या रात्री त्यांनी जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचून काढलं, ते असं.

जानेवारी १९४९च्या अखेरीस भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक डाकोटा विमान निघायचं आणि चारही विमानं मध्यरात्रीनंतर एकाच ठिकाणी उतरायची: नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर. तिथे टपालाच्या थैल्या आणि असतील ते प्रवासी अदलाबदल व्हायचे आणि पहाटेपर्यंत विमानं पुन्हा आपापल्या शहरी. कलकत्त्याच्या माणसाने संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत. लगेच १ एप्रिल १९४९पासून 'ऑल अप' योजना आली, म्हणजे देशांतर्गत पत्र वेगळा हवाई आकार न घेता, जिथे शक्य तिथे विमानाने. साध्या तिकिटाचं पत्रसुद्धा रात्रीच्या विमानात बसू लागलं.

नागपूरच का? हे सांगायला सदरच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. झिरो माइलचा दगड आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण नकाशापेक्षाही मला त्यातलं गणित आवडलं. चार शहरांना एकमेकांशी थेट जोडायचं तर सहा जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीत जायचं-यायचं धरलं तर रात्रीच्या बारा फेऱ्या. मध्ये नागपूर टाकलं की चार विमानांत काम भागतं. शहरं दहा झाली तर थेट जोड्या पंचेचाळीस, आणि मध्यवर्ती ठिकाण असेल तर विमानं फक्त दहा. मेसेज ब्रोकर विकणारी प्रत्येक कंपनी गेली तीस-चाळीस वर्षं फळ्यावर हेच गणित काढून दाखवते. आपल्या टपाल खात्याने ते १९४९मध्ये डाकोटावर करून दाखवलं होतं. अमेरिकेत फेडेक्सने मेम्फिस शहर मध्ये ठेवून रात्रीची पार्सलसेवा सुरू केली ती १७ एप्रिल १९७३ला. १४ विमानं, २५ शहरं, पहिल्या रात्री १८६ पार्सलं. व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट सगळ्यांना शिकवतात. सोनेगावची कुणी शिकवत नाही. असो.

सगळं गोड होतं असं मात्र नाही. तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई या योजनेच्या मागे ठाम उभे होते. विरोधात उभे होते जे. आर. डी. टाटा. गंमत बघा, १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून मुंबईला पहिलं हवाई टपाल स्वतः विमान चालवत आणणारा हा माणूस, जुहूच्या धावपट्टीवर उतरलेला. पण रात्रीच्या टपालाबद्दल त्यांचं म्हणणं होतं की रात्री उडण्या-उतरण्यासाठी लागणारी साधनं विमानतळांवर पुरेशी नाहीत, आणि साधनांशिवाय ही सेवा धोक्याची आहे. वाद उघडपणे झाला. सेवेचं काम आधी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सकडे गेलं, पण ती कंपनी टिकली नाही. पुढे हिमालयन एव्हिएशन आली. १९५३च्या राष्ट्रीयीकरणानंतर काम इंडियन एअरलाइन्सकडे आलं.

१२ डिसेंबर १९५३ला मद्रासकडे निघालेला रात्रीचा डाकोटा सोनेगावहून उडाल्यावर काही क्षणांतच कोसळला. विमानातली १३ माणसं गेली. वाचला एकटा वैमानिक. काका तेव्हा लहान होते, पण पुढे नोकरीला लागल्यावर जुने लोक ती रात्र सांगायचे असं म्हणाले. आम्ही इंजिनियर लोक 'सिस्टिम क्रॅश झाली' असं दिवसातून चारदा म्हणतो. तो शब्द कुठून उचलला आहे हे त्या रात्री जिन्यात बसून जरा जाणवलं.

सत्तरच्या दशकात ही सेवा थांबली. नोकरीच्या सुरुवातीला काकांना काही काळ सोनेगावची पाळी होती, म्हणून त्यांनी तिचा शेवटचा भाग पाहिला. मी त्यांना विचारलं, "चार विमानं, एवढ्या थैल्या, रात्रीचा अंधार. कधी थैली हरवायची नाही का?"

"हरवायची ना. पण हरवली हे कळायचं," ते म्हणाले.

कळायचं कसं, तर दोन कागदांमुळे. प्रत्येक थैल्यांच्या खेपेसोबत एक मेल लिस्ट असायची. किती थैल्या, कुठून कुठे. घेणारा ती ताडून सही करायचा. ती झाली पोच, ते मला समजलं. पण दुसरा कागद मला नवीन होता. तिला ते 'ड्यू लिस्ट' म्हणत होते. आज या खेपेला कुठकुठल्या गावाच्या थैल्या यायलाच हव्यात, त्याची आधीपासून ठरलेली यादी. समोर पडलेल्या थैल्या मोजायच्या नाहीत, तर या यादीशी लावायच्या. यादीत नाव आहे आणि थैली नाही, तर लगेच लिहून ठेवायचं आणि मागे कळवायचं. थैली का नाही हे शोधणं नंतर, पण नाही हे त्याच रात्री कागदावर आलं पाहिजे.

"तुझ्या त्या पडद्यावर काय दिसते? आलेल्या थैल्या. यायला पाहिजे होत्या त्या कुठे दिसतात?"

मंडळी, बारा वर्षांच्या नोकरीत इतका नेमका कोड रिव्ह्यू मला कुणी दिला नव्हता.

आता थोडं आमच्या धंद्याकडे वळू, कारण तिथेही ही गोष्ट मराठी माणसांना चुकवून पुढे जात नाही. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या शेअर दलालांच्या टेबलावर प्रत्येक बातमीसाठी आणि प्रत्येक बाजारासाठी वेगवेगळा पडदा असायचा. भाव या पडद्यावर, बातमी त्या पडद्यावर, जुळवाजुळव दलालाच्या डोक्यात. मुंबईत जुहूला वाढलेला, एमआयटीत शिकलेला विवेक रणदिवे याला वाटलं की संगणकाच्या आत जशी एक 'बस' असते, सगळे सुटे भाग एकाच सामायिक मार्गाला जोडणारी, तशी सॉफ्टवेअरमध्ये का नसावी? त्याच्या टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्सने 'द इन्फर्मेशन बस' बनवली. ज्याला भाव पाठवायचा त्याने बसवर टाकावा, ज्याला हवा त्याने त्या विषयाचं वर्गणीदार व्हावं. पाठवणाऱ्याला घेणाऱ्याचं नावसुद्धा माहीत असायची गरज नाही. १९९४मध्ये रॉयटर्सने ती कंपनी विकत घेतली आणि १९९७मध्ये त्यातूनच टिबको उभी राहिली. टिबकोतली पहिली तीन अक्षरं त्या बसचीच.

१९९३मध्ये आयबीएमने एमक्यूसिरीज आणली, आणि बँकांनी ती डोक्यावर घेतली, कारण ती निरोप हरवू द्यायची नाही. पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. एकीचा ब्रोकर घेतला की तिच्याशी लग्नच. २००३मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेतल्या जॉन ओहाराने या कटकटीला वैतागून सगळ्यांसाठी खुली अशी एक निरोपांची भाषा ठरवायला घेतली. तीच एएमक्यूपी. त्या भाषेत बोलणारा रॅबिटएमक्यू २००७मध्ये आला. लिहिलेला अरलँगमध्ये, म्हणजे एरिक्सनने टेलिफोन एक्सचेंजसाठी घडवलेल्या भाषेत. एक्सचेंज बंद पडून चालत नाही, ब्रोकरही नाही. त्याच्या थोडं आधी, २००४च्या सुमारास, जावावाल्यांसाठी ॲक्टिव्हएमक्यू सुरू झाला होता. पुढे त्याचं वेब कन्सोलही आलं. ८१६१ पोर्ट, आत शिरायला ॲडमिन-ॲडमिन. जुन्या मित्रांना आठवत असेल.

रॅबिटवाल्यांकडे सुरुवातीला काळा पडदाच होता. कमांड द्यायची, रांगांची नावं आणि आकडे छापून यायचे. मॅनेजमेंट प्लगिन आलं ते २०१०च्या सुमारास. तेव्हा पोर्ट ५५६७२ होतं, ३.० आवृत्तीपासून १५६७२ झालं. नाव आणि पासवर्ड दोन्ही 'गेस्ट'. किती जणांनी ते तसंच ठेवून मशीन जगासमोर उघडं केलं असेल याचा अंदाज एकाच गोष्टीवरून येतो. २०१४मध्ये ३.३ आवृत्तीपासून त्यांनी नियमच करून टाकला की 'गेस्ट'ला फक्त त्याच मशीनवरून प्रवेश, बाहेरून नाही. पाहुण्याला ओसरीपर्यंतच.

कन्सोल आल्यावर काय बदललं? आधी ब्रोकर सांभाळणारा एखादाच असायचा, सगळ्या कमांडा पाठ असणारा. आता टेस्टिंगवाला, मॅनेजर, ग्राहकाचा माणूस, कुणीही ब्राउझर उघडून बघू शकतो. हे चांगलंच झालं. पण बघणं आणि बदलणं एकाच पानावर आलं. काळ्या पडद्यावर रांग रिकामी करायची तर तिचं नाव लिहावं लागायचं, आणि लिहिताना माणूस एकदा तरी विचार करतो. कन्सोलवर आलेखाच्या खालीच बटण. सोनेगावच्या शेडमध्ये थैल्यांचा फळा आणि थैल्या जाळायची भट्टी शेजारी-शेजारी ठेवल्यासारखं.

याच काळात लिंक्डइनमध्ये तीन जण वेगळ्या दिशेने विचार करत होते: जे क्रेप्स, जुन राव आणि पुण्याच्या पीआयसीटीत शिकलेली नेहा नारखेडे. त्यांनी बनवलेली काफ्का २०११मध्ये खुली झाली. काफ्काची चाल वेगळी आहे. निरोप वाचला म्हणून तो काढून टाकायचा नाही. तो वहीत ओळीने लिहिलेला राहतो, आणि ठरवलेली मुदत संपेपर्यंत तसाच असतो. वाचणाऱ्याने फक्त आपण कितव्या ओळीपर्यंत आलो ते लक्षात ठेवायचं. म्हणून काफ्का सांभाळणारे 'रांगेत किती' असं विचारत नाहीत, 'वाचणारा किती ओळी मागे आहे' असं विचारतात. त्याला ते लॅग म्हणतात. माझ्याकडे त्या शनिवारी अशी वही असती तर मी चुकीचा निरोप ओलांडून पुढे गेलो असतो आणि एकही ऑर्डर गेली नसती. पण म्हणून काफ्कामुळे ड्यू लिस्टचा प्रश्न सुटतो असं नाही. वहीत जे लिहिलंच गेलं नाही ते वहीतही दिसत नाही.

तर परत जिन्यात. काका झोपायला गेले आणि मी विचार करत बसलो की माझी ड्यू लिस्ट कुठे असू शकेल. निरोप गेले, पण ऑर्डर टाकताना केमिस्टचा ब्राउझर वेबसर्व्हरला भेटून गेला होता. वेबसर्व्हर प्रत्येक भेटीची एक ओळ लिहितो. त्या ओळीत ऑर्डरमध्ये काय होतं ते नव्हतं, पण वेळ होती, आणि पत्त्याच्या शेवटी दुकानाचा कोड होता. पहाटे साडेचारपर्यंत माझ्याकडे यादी तयार झाली. ६३ दुकानं. काय मागवलं ते माहीत नाही, पण कुणी मागवलं ते माहीत होतं. समोर थैली नव्हती, पण थैली यायला हवी होती हे कागदावर आलं.

सोमवारी आणि मंगळवारी मी आणि वितरकाच्या ऑफिसातल्या दोन ताई, आम्ही तिघं फोन करत बसलो. "नमस्कार, शनिवारी तुम्ही ऑर्डर टाकली होती, आमच्या चुकीने ती गेली, परत सांगाल का?" बहुतेक लोक चांगले वागले. काहींनी झापलं, तेही बरोबरच होतं. ६१ दुकानं लागली. उरलेल्या दोघांपैकी एकाने स्वतःच दुसरीकडून माल घेतला होता. दुसरा होता एका आडगावातला, तीन दिवस फोन लागला नाही. बुधवारी लागला तेव्हा म्हणाला, "साहेब, इन्सुलिन मागवलं होतं. आलं नाही म्हणून दोन गिऱ्हाइकांना शहरात पाठवलं. एक म्हातारी होती, बसने गेली."

तिला इन्सुलिन मिळालं, हे मी नंतर विचारून घेतलं. पण मे महिन्यात, त्या वयात, बसने. माझ्या कन्सोलवर ती बाई अठरा हजारांमधली एक होती. आणि शून्य दिसल्यावर मला समाधान वाटलं होतं.

यानंतर जे बदललं ते लिहून ठेवतो, कुणाला उपयोग झाला तर. शेरे आणि ऑर्डरी यांच्या रांगा वेगळ्या केल्या. जो निरोप ठरावीक वेळा नापास होतो तो आपोआप बाजूच्या रांगेत जातो. तिला आमच्या धंद्यात डेड लेटर क्यू म्हणतात, आणि हे नावही टपाल खात्याचंच. पत्ता न लागलेली पत्रं जिथे जायची ते डेड लेटर ऑफिस, पुढे त्याचं रिटर्न्ड लेटर ऑफिस झालं. कन्सोलवर बघणाऱ्यांसाठी वेगळा युजर केला. त्याला 'मॉनिटरिंग'चा टॅग दिला आणि कॉन्फिगर, राइट, रीड या तिन्ही परवानग्या रिकाम्या ठेवल्या. रीडसुद्धा रिकामी, कारण रॅबिटमध्ये रांग रिकामी करायला रीडची परवानगी पुरते. हे मला तोवर माहीत नव्हतं! माझा स्वतःचा रोजचा युजरही तोच. बटण दाबायचंच असेल तर दुसऱ्या नावाने आत यावं लागतं, आणि तेवढ्या वेळात डोकं थंड होतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वेबसाइट आता ऑर्डर आधी स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहिते, मग ब्रोकरला देते. दर पंधरा मिनिटांनी एक छोटा प्रोग्राम दोन्हीकडच्या याद्या लावून बघतो. घेतलेल्या ऑर्डरी आणि गोदामात पोचलेल्या ऑर्डरी. फरक दिसला की फोन वाजतो. त्या प्रोग्रामच्या फाइलला मी 'ड्यू लिस्ट' हेच नाव दिलं आहे. नवीन मुलं विचारतात, सर, हे कसलं नाव? मग त्यांना सोनेगावची गोष्ट सांगतो. आपल्याच शहरात रात्री चार विमानं उतरायची हे त्यांनाही ठाऊक नसतं. मिहान मात्र सगळ्यांना माहीत असतं. देशाच्या मध्यावर मालवाहतुकीचं केंद्र करायचं, ही मिहानमागची कल्पना सगळ्यांना नवीन वाटते, एवढंच.

काकांना जाऊन सांगितलं की तुमच्या यादीने काम झालं. त्यांनी विचारलं, "किती सापडल्या?"

"त्रेसष्टपैकी एकसष्ट त्याच दोन दिवसांत."

"आणि दोन?"

मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लिहून ठेवलं ना?"

लिहून ठेवलंय, काका. हे तेच.